सुशीच्या इतिवृत्तातली एक चूक

सुशी गेल्याचा फोन आमच्या दूध डेअरीत आला. सकाळचं दूध घालायला मी रांगेत उभी होते, माझ्यापुढं दोघी होत्या. डेअरीचा सेक्रेटरी भगवान आतून बाहेर आला आणि म्हणाला, “अक्का, जळगावचा फोन होता. सुशीताई गेल्या. तासाभरापूर्वी, दवाखान्यातच.” मी बादली खाली ठेवली नाही. माझी पाळी आली तसं दूध मापात ओतलं, दुधाची फॅट मोजून घेतली, कार्डावर लिहून घेतलं, मग घरी येऊन लुगडं बदललं आणि जळगावची एस.टी. धरली. नणंद मेली तरी हिला फॅट सुटत नाही, असं मागून कोणी बोललं म्हणे. दूध तसंच राहिलं असतं तर नासलं असतं, आणि सुशी काही परत आली नसती. तिला विचारलं असतं तर तिनंही आधी दूध घाला असंच सांगितलं असतं. चारच दिवसांपूर्वी मी तिला दवाखान्यात भेटले होते. काविळीनं डोळे हळदीसारखे झाले होते, आवाज खोल गेला होता, आणि ती नर्सशी भांडत होती. उशाशी लटकवलेल्या कागदावर तिचं वय दोन वर्षांनी जास्त लिहिलं होतं म्हणून. नर्स म्हणाली, “आजी, दोन वर्षांनी काय फरक पडतो?” सुशी म्हणाली, “कागद आहे ना तो? मग पडतो.” नर्सनं खोडून पुन्हा लिहिलं तेव्हा ती निजली. ती आमची शेवटची भेट.

जळगावात जिनं पंचवीस-तीस वर्षं टायपिंग आणि लघुलेखनाचा क्लास चालवला, ती सुशीला हीच. तिच्या हाताखाली शिकलेली पुष्कळ माणसं आज कचेऱ्यांतून आहेत. ती हे वाचतील तेव्हा त्यांना तांबड्या पेन्सिलीनं चुका मोजणारी बाई आठवेल. ते खरंच आहे. मी तिची थोरली वहिनी. धरणगावजवळच्या खेड्यात आमचं घर, चौथीपर्यंत माझी शाळा. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकराचा ओचा खोचून गोट्या खेळत होती आणि हरली की डाव मोडत होती. तिचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्ही ठिकाणी तिनंच मोडली. पुढं मॅट्रिक होऊन धुळ्याला लघुलेखन शिकायला जायचं म्हणाली तेव्हा मी तिच्या बाजूनं नव्हते, हे आज लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, दुसऱ्याचं बोलणं लिहून घेण्यात कसलं आलंय शिक्षण? तिच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हो म्हटलं म्हणून ती गेली. तिला पोचवायला मात्र मीच गेले, डोक्यावर वळकटी आणि हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन.

धुळ्यात पांझरेच्या अलीकडं एका गल्लीत तिची खोली होती. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायचे. ती सारखी लिहीत असायची. पेन्सिलीनं काढलेल्या त्या रेघा मला काकडीच्या वेलाच्या ताण्यांसारख्या दिसायच्या, कुठं बारीक, कुठं दाबून, कुठं टोकाला वळलेल्या. भाजीवाल्याचं ओरडणं, रेडिओवरच्या बातम्या, घरमालकिणीची कुरकुर, सगळं ती उतरवून काढायची. सुट्टीला गावी आली तेव्हा एकदा माझं आणि शेजारच्या यमुनेचं कोंबड्यांवरून वाजलं. सुशी ओट्यावर बसली होती, मला वाटलं तांदूळ निवडतेय. संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं वही काढली आणि सगळ्यांसमोर आमची अहिराणी जशीच्या तशी वाचायला लागली. “यमुना म्हणाली, तुनी कोंबडी मना आंगनमा काबर येस. वहिनी म्हणाल्या, तिले तुनं तोंड पाहानं ऱ्हास म्हनीसन.” पुढंही बरंच होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा नवरा ताटावर हसत बसला. मी म्हटलं, “असं मी बोललेच नाही.” सुशी म्हणाली, “शब्दाला शब्द आहे. माझ्या वहीत तुम्ही जे बोलला नाहीत ते येणार नाही, आणि जे बोललात ते सुटणार नाही.” त्या दिवशी मला तिचा रागही आला आणि पहिल्यांदा तिचं काम काय आहे ते कळलंही.

धुळ्यात तिनं काही वर्षं एका वकिलांकडं काम केलं. माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी ती जळगावला आली, म्हणाली, “आता एस.टी.त अर्ध्या तासावर तरी असेन.” एवढंच. तिनं मला धीर दिला नाही आणि मी मागितला नाही. दोन खोल्या, सहा टाईपरायटर आणि बाहेर पाटी, असा क्लास निघाला. बाकीच्या वेळात ती सहकारी संस्थांच्या सभांचं इतिवृत्त लिहून द्यायची. पाचोरा, जामनेर, कुठं कुठं जायची. कोण काय बोललं, कोणता ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं, हे तिच्या कागदात बरोबर असायचं, आणि भांडणाऱ्या संस्थासुद्धा तिच्या कागदावर भांडायच्या नाहीत. याचा तिला गर्व होता. तो तिच्या चालण्यात दिसायचा.

मग तिची बोटं सुजायला लागली. संधिवात. सकाळी तर मूठ वळायची नाही. अर्धा तास पेन्सिल धरली की अंगठा ताठ. मला वाटलं, आता हे काम सुटलं. पण तिच्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे चौधरी सर यायचे, कॉलेजातले कागद टाईप करून घ्यायला. त्यांनी कॉलेजातून काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर तिला मिळवून दिला आणि त्यात मराठीचं कार्ड बसवलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, तोवर मी ते यंत्र फक्त रेल्वेच्या तिकीट खिडकीत पाहिलं होतं. सरांनी तिच्यासाठी एक करामत बसवून दिली. एक-दोन अक्षरं दाबायची आणि खालची लांब पट्टी दाबायची, की अख्खं वाक्य उमटायचं. ‘उस’ दाबलं की ‘उपस्थित सभासदांनी’. ‘मा’ दाबलं की ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’. आणि ‘सम’ दाबलं की ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’. पेन्सिलीनं ती जे करायची तेच, पण बोटाला दहावा हिस्सा कष्ट. लघुलेखन सुशी बारा महिने घासून शिकली होती, हे नवं तिनं पंधरा दिवसांत पाठ केलं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या यंत्राला आजच्यासारखी चित्रं नव्हती, बोट दाखवायला काही नव्हतं. काळा पडदा, त्यावर एक रेघ लुकलुकत राहायची आणि तुम्ही हुकूम लिहाल त्याची वाट बघायची. हुकूम इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे, पण सरांनी शब्द मराठीच ठेवले होते. ‘चालू’ लिहिलं की करामत सुरू, ‘थांब’ लिहिलं की बंद. ‘यादी’ लिहून पुढं नाव लिहायचं, की त्या कामाची वाक्यं यंत्राच्या डोक्यात यायची. यादी सभा, यादी वकील, यादी आभार. एका वेळी एकच यादी मावायची. दुसरी हवी असेल तर चाललेलं लिखाण सोडून काळ्या पडद्यावर यायचं, हुकूम लिहायचा आणि परत जायचं. आणखी एक हुकूम होता, ‘नोंद’. तो लिहिला की तुम्ही दिवसभरात कोणती कळ कधी दाबली ते सगळं, घड्याळाच्या वेळेसकट, कागदावर छापून यायचं. वाक्यं नव्हेत, नुसत्या कळा. सरांनी तो त्यांच्या स्वतःच्या तपासणीसाठी ठेवला होता. सुशीला तो कधी लागला नव्हता.

हे मला कसं माहीत, तर मी ते केलंय म्हणून. थंडीत तिचे हात फार धरले की मी आठ-पंधरा दिवस जाऊन राहायचे. ती खुर्चीत मागं रेलून सांगायची आणि मी कळा दाबायचे. इंग्रजी मला येत नाही, पण कोणती कळ कुठं आहे हे डब्यातल्या मिसळणाच्या वाट्यांसारखं ध्यानात राहतं. हुकूम लिहून झाला की उजवीकडची मोठी कळ. ती दाबायला मी आधी भ्यायचे. “दाबा वहिनी, चावत नाही ते.” “चुकलं तर?” “चुकलं तर तसं सांगतं. माणसासारखं मनात ठेवत नाही.” मला ते आवडलं. आमच्या घराण्यातली माणसं मनात ठेवण्यात पटाईत, सुशी धरून.

आमच्या डेअरीची सर्वसाधारण सभा होती त्या वर्षी. चेअरमन नानांना हौस, की आमच्या सभेचं इतिवृत्त कॉम्प्युटरवर व्हावं, तालुक्यात पहिलं. सुशी नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण जन्माचं गाव, तिलाही मिरवायचं होतं. दुधाच्या टेम्पोत गोधड्यांत गुंडाळून ते यंत्र गावात आलं. आणताना भगवान स्वतः त्याला धरून बसला होता, बाळंतिणीला आणावं तसं. सभेआधी अर्धं गाव ते बघून गेलं. यमुना म्हणाली, “हाई बठ्ठं लिखी लेस का?” मी म्हटलं, “हो, म्हणून आज तोंड सांभाळ.” वीज भरवशाची नव्हती म्हणून डेअरीचा जनरेटर लावला होता, आणि तो सुशीच्या खुर्चीमागच्या खिडकीबाहेरच धडधडत होता.

सभेपुढं आठ विषय होते. सातवा असा, की वर्षभर ज्यांच्या नावावर दूध आलेलं नाही त्या सभासदांची नावं कमी करावीत. भगवाननं यादी वाचली. एकोणतीस नावं, सगळ्या बायका. आता खरं काय होतं ते सांगते. त्या बायकांनी दूध घालणं थांबवलंच नव्हतं. मागल्या वर्षी नवी कार्डं निघाली, तेव्हा घरोघरी ती मुलांच्या नाहीतर नवऱ्यांच्या नावावर काढली गेली. म्हैस तीच, धार काढणारी तीच, डेअरीत बादली आणणारी तीच, कार्डावर नाव दुसऱ्याचं. पुढच्या वर्षी संचालक मंडळाची निवडणूक होती. नाव गेलं की मत गेलं, आणि त्यानंतर डेअरीत बायांचा आवाज म्हणजे बादल्यांचा आवाज, एवढाच उरणार होता. माझं नाव यादीत नव्हतं. विधवेच्या कार्डावर तिचं स्वतःचं नाव असतं, ही एक सोय. नानांनी “मंजूर?” म्हटलं, पुढच्या रांगांतले हात वर गेले, मागं बसलेल्या बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, “माले हाई मंजूर नही. दूध त्याच म्हशीसनं शे, कार्ड फकत पोऱ्यासना नाववर शे. मना विरोध लिखी ल्या.” नाना म्हणाले, “बरं अक्का, बसा, पाहू.” आणि आठवा विषय आभाराचा, तो सुरू झाला. मी सुशीकडं पाहिलं. ती खाली मान घालून कळा दाबत होती. मला वाटलं, लिहिलं तिनं.

पंधरा दिवसांनी छापलेलं इतिवृत्त आलं. सुबक, कडा जुळलेल्या. भगवान आधी हातानं लिहायचा तेव्हा आम्ही दोन-चार जण वाचून घ्यायचो, या वेळी कोणी वाचलं नाही, भगवाननं सुद्धा नाही. कॉम्प्युटरनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून त्यानं सही केली आणि नानांनी शिक्का मारला. महिन्याभरात एकोणतीस बायकांना नोटिसा आल्या. आम्ही सहा-सात जणी जळगावला सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब भले होते, खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं, मग इतिवृत्त उघडून माझ्यापुढं सरकवलं. विषय सातवा. सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. “आजी, तुम्ही सभेला होतात ना? मग सर्वांत तुम्हीही आल्या. विरोधाची नोंद असती तर मला चौकशी लावता आली असती. एकाचीही नोंद असती तरी.” मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चौथी शिकले असले तरी सर्वानुमतेचा अर्थ मला कळतो.

तिथून उठून मी सरळ सुशीच्या क्लासात गेले. मुली टाईप करत होत्या. मी कागद तिच्यापुढं टाकला.

“हे काय लिहिलंस?”

तिनं वाचलं. “जे झालं ते.”

“मी उठून विरोध केला ते?”

“माझ्याकडून सुटत नाही, वहिनी. तुम्ही हळू बोलला असाल.”

“मी हळू बोलते असं आजवर मला कोणी म्हटलेलं नाही.”

मागच्या बाकावरची एक मुलगी फिसकन हसली. सुशीनं तिच्याकडं पाहिलं, ती गप्प झाली. मग सुशी मला म्हणाली, “वीस वर्षांत एका माणसानं माझ्या कागदाला नाव ठेवलेलं नाही. आणि आज घरचंच माणूस…” मी म्हटलं, “एकोणतीस बायका तुझ्या या एका ओळीनं बाहेर गेल्यात. तू नाव ठेवण्याचं काय घेऊन बसलीस?” आणि मी निघाले. एस.टी. स्टँडवर गेले, गाडीला तासभर होता. बसल्या बसल्या मला ती कोंबड्यांची वही आठवली नसती तर मी गावी गेलेच असते. जे बोललात ते सुटणार नाही, असं जिनं मला सुनावलं होतं ती खोटं बोलेल, असं मला वाटेना. म्हणजे तिला खरंच ठाऊक नाही. मी परत गेले. क्लास सुटला होता. ती यंत्रासमोर बसली होती, हात मांडीवर, बोटं फुगलेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “बसा. मी सांगते ते दाबा.”

तिनं एकेक अक्षर सांगितलं. ‘नोंद’. मग एक मोकळी जागा, मग त्या सभेची तारीख. उजवीकडची मोठी कळ मी दाबली. छपाईचं यंत्र करकरत सुरू झालं आणि भोकांच्या कडेचा कागद घडीघडीनं बाहेर येऊन जमिनीवर साचायला लागला. सुशी खुर्चीवरून उतरून खाली बसली आणि बोट फिरवत वाचू लागली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिचं बोट थांबलं. “इथं,” ती म्हणाली. “चार वाजून अकरा मिनिटं. मी ‘सम’ दाबलंय. नाना मंजूर म्हणाले आणि मी दाबलं, हात खाली यायच्याही आधी. नेहमीच दाबते…” बोट खाली सरकलं. “मग लिखाण सोडलंय. काळ्या पडद्यावर गेलेय. यादी आभार. एक कळ चुकली, यंत्रानं नाही म्हटलं. पुन्हा लिहिलंय, पुन्हा बोट घसरलंय. तिसऱ्यांदा बरोबर. एक मिनिट आणि दहा सेकंद.” त्या एक मिनिट दहा सेकंदांत मी उभी राहून बोलून खाली बसले होते. बाई यंत्राला हुकूम देत होती, पाठीमागं जनरेटर धडधडत होता, आणि सभा सर्वानुमते मंजूर होऊन मोकळी झाली होती. सुशी म्हणाली, “पेन्सिल असती तर मी मान वर करून बसले असते.” मला म्हणायचं होतं की पेन्सिल असती तर तुझा अंगठाच चालला नसता, पण ते तिला माहीत होतं.

आता काय करायचं हे तिचं तिनं ठरवायचं होतं. तो कागद फक्त आम्ही दोघींनी पाहिला होता. फाडला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. दाखवला असता तर ज्या संस्था डोळे मिटून तिच्या कागदावर सह्या करत होत्या, त्यांनी उद्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं असतं. मी तिला भीड घातली नाही आणि दाखव असंही म्हटलं नाही. वांगं भाजून भरीत केलं, दोघी जेवलो, सकाळी पहिल्या गाडीनं मी गावी आले. येताना एवढंच म्हटलं, “तुला जे करायचं ते कर. पण मला पुन्हा हळू बोललात म्हणू नकोस.”

चार दिवसांनी ती एकटी कचेरीत गेली. तो लांबच लांब कागद, आणि त्यासोबत तिनं स्वतः टाईप केलेलं एक निवेदन. ते मी नंतर वाचलं. त्यात जनरेटरचा आवाज नव्हता, सुजलेली बोटं नव्हती, नानांची घाई नव्हती. ‘विषय क्रमांक सात चालू असता मी सभेकडे लक्ष न देता यंत्रास आज्ञा देत होते. ठराव सर्वानुमते झाला हे वाक्य मी सवयीने, निर्णय होण्यापूर्वी लिहिले. ही चूक माझी आहे.’ खाली सही, तीही वाकडी, बोटांमुळं. साहेबांनी चौकशी लावली, सभा पुन्हा घ्यायला सांगितली. पुन्हा झालेल्या सभेला सुशी यंत्र न घेता आली. वही आणि पेन्सिल. प्रत्येक ठराव वाचून झाला की ती पेन्सिल उचलून धरायची, म्हणायची, “कोणाचा विरोध?” आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तोंडं बघत जायची. इतका वेळ, की लोक चुळबुळ करायचे. नाना म्हणाले, “सुशीताई, लिहा आता.” ती म्हणाली, “मागं अजून दोन रांगा राहिल्यात, नाना.” त्या दिवशी सातव्या विषयाला मागच्या रांगांतून अठरा हात विरोधात वर आले. यमुनेचा सगळ्यात उंच. बाजूचे त्याहून कमी भरले, ठराव पडला, नावं राहिली. सभा संपल्यावर सुशीला पेन्सिल बोटांतून सोडवता येईना, ती मी सोडवली.

तिची सभांची कामं त्यानंतर कमी होत गेली आणि दोन वर्षांत संपली. कोणी तोंडावर काही बोललं नाही, बोलावणं यायचं थांबलं. क्लास शेवटपर्यंत चालला. त्या प्रकरणावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. तिनं चांगलं केलं असं मी तिला म्हटलं नाही. चूक केली होती, ती निस्तरली, यात सांगायचं काय, असं मला तेव्हा वाटायचं. आताही बरंचसं तसंच वाटतं. फक्त कागद फाडणं किती सोपं होतं, हे आता जास्त दिसतं.

गेल्या आठवड्यात डेअरीची सभा झाली. सुशीला जाऊन महिना झाला होता. भगवाननं पहिला ठराव दुखवट्याचा मांडला. हातानंच लिहून आणला होता, चांगला लिहिला होता. कैलासवासी सुशीलाताईंनी अनेक वर्षे सहकारी संस्थांची निर्दोष सेवा केली, त्यांच्या निधनाने जिल्ह्याची हानी झाली, वगैरे. वाचून झाल्यावर त्यानं पेन उचलून धरलं आणि सवयीनं विचारलं, “कोणाचा विरोध?” दुखवट्याच्या ठरावाला असं विचारत नसतात. पण आमच्या डेअरीत ते आता प्रत्येक ठरावाला विचारलं जातं, आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत बघितल्याशिवाय भगवान लिहीत नाही.

मी उठले. म्हटलं, “निर्दोष काढून टाक. तिनं एक चूक केली होती, आणि तिचा कागद स्वतः काढून साहेबांपुढं नेऊन ठेवला होता. तसं लिही.”

नाना आता चेअरमन नाहीत, पण पुढंच बसतात. मागं वळून म्हणाले, “अक्का, मेलेल्या माणसाच्या ठरावात चूक लिहीत नसतात.”

“तिनं स्वतः लिहून दिलीय, नाना. सहीनिशी. आपण कोण खोडणारे?”

थोडी कुजबुज झाली. यमुना म्हणाली, “लिखू दे ना, खरं शे ते.” एका संचालकांना ते बरं दिसत नाही असं वाटलं, दुसऱ्यांना जिल्ह्याच्या पेपरात ठराव छापून आला तर कसं दिसेल याची काळजी होती. भगवाननं हात मोजले, दोनदा मोजले. मग लिहिलेलं वाचून दाखवलं. सुशीच्या दुखवट्याचा ठराव दुरुस्तीसह बहुमतानं मंजूर झाला. विरोधात तीन. तिघांचीही नावं इतिवृत्तात आहेत.